एका वळणाचे बारा अर्ज

माझे अक्षर चांगले होते. रत्नागिरीच्या मामलेदार कचेरीत मला कारकुनी मिळाली ती मुख्यतः त्याच्याच बळावर, आणि पुढे कोणताही नाजूक कागद निघाला की वरिष्ठ तो माझ्याकडे सरकवीत. मी लिहिलेले सहसा कोणी पुन्हा वाचून पाहत नसे. हा विश्वास आहे, असे मी समजत असे. आता पंचावन्नाव्या वर्षी पेन्शनीत निघाल्यावर वाटते की, तो विश्वास नव्हता, ती केवळ सवय होती. आणि त्या सवयीच्या आडोशाला मी पुष्कळ काही निभावून नेले. त्यांतल्या एका ओळीविषयी मला येथे लिहावयाचे आहे. ओळ चार शब्दांची होती.

सत्तावीस-अठ्ठावीस सालाचा सुमार असेल. खाडीपलीकडच्या एका गावात एक शेतकरी वारला होता आणि त्याचा एकुलता एक मुलगा मुंबईस गिरणीत कामाला होता. वारसाच्या चौकशीसाठी घरच्या माणसांची जबानी आणण्यास मला पाठविण्यात आले. ओटीवर मयताचा धाकटा भाऊ बसला होता. घरात आता तोच वडीलधारा. मयताची सून दाराच्या चौकटीशी उभी राहून माझ्या प्रश्नांची उत्तरे देत होती. वय विशीच्या आतबाहेर. उत्तरे इतकी नेमकी की मला एकही शब्द खोडावा लागला नाही. जबानी मी वाचून दाखविली. मग ती पुढे आली, जमिनीवर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि पहिली दोन बोटे एकत्र जुळलेली होती, टाक धरताना जुळतात तशी.

ते मी पाहिले. पुढील सर्व हकिगत या दोन शब्दांवर उभी आहे, म्हणून पुन्हा लिहितो. मी पाहिले.

ओटीवरून तो वृद्ध म्हणाला, "बायकांच्या सहीची आमच्यात चाल नाय, भाऊसाहेब. अंगठा घ्या न् मोकळं व्हा. भरती लागली की तरवाला थांबायचा नाय."

खाडी उतरण्याची तर, म्हणजे होडी, चुकली असती तर मला मुक्काम पडला असता, हे खरे. परंतु सही घेण्यास अंगठ्याहून अधिक वेळ लागत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. खरे कारण असे की, त्या वृद्धाने मला अगत्याने शहाळे दिले होते, त्याचा शब्द मोडणे मला अवघड वाटले, आणि जिचा शब्द मोडत होतो ती कोणी आहे असे वाटलेच नाही. मी शाईची गादी पुढे सरकवली. तिचा उजवा हात क्षणभर तसाच राहिला. मग तो मागे गेला आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे आला. त्याखाली मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले: "निरक्षर, सबब निशाणी अंगठा." होडी मला मिळाली.

त्यानंतर आठ-नऊ वर्षे मला त्या घराची आठवण झाली नाही.

मग नवा कायदा आला आणि मुंबईच्या असेंब्लीच्या निवडणुकीसाठी मतदारांच्या याद्या तयार करण्याचे काम आमच्या कचेरीवर येऊन पडले. त्यापूर्वी मत असलेल्या बायका तालुक्यात शोधूनही फारशा सापडल्या नसत्या. आता जमीनदारांच्या बायका, पलटणीत मेलेल्यांच्या विधवा यांच्याबरोबर एक नवाच वर्ग निघाला होता: जिला लिहितावाचता येते अशी कोणतीही बाई. अट एवढीच की तिने आपण होऊन अर्ज केला पाहिजे. कचेरीत या कलमाची पुष्कळ थट्टा झाली. शहरातून वकिलांच्या कुटुंबांचे आणि शाळेतल्या बायकांचे थोडे अर्ज आले. खेड्यांतून येणार नाहीत, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते.

परतीच्या पावसात एके दिवशी कडेने भिजलेले एक पुडके आले. आत बारा अर्ज. बारा बायका, एका वाडीतल्या. हेडक्लार्कांनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि हसू लागले.

"बघा हो, बायका बारा, हात एक. कोणीतरी मास्तर बसलाय उद्योगाला."

खरोखरच बाराही अर्जांचे वळण एकच होते. अक्षरे उजवीकडे किंचित झुकलेली, प्रत्येक काना लांब, आणि ओळीच्या शेवटी जागा उरली तर तेथे एक आडवी रेघ. अक्षर देखणे नव्हते. पण त्याला बळ होते. मी ते पाहत राहिलो, आणि मग माझी दृष्टी गावाच्या नावावर गेली.

आठवड्याने त्या अर्जांवर हरकत आली. हरकत घेणारा तोच ओटीवरचा वृद्ध. त्याचे म्हणणे असे की, या सगळ्यांची पुढारीण आपल्या भावाची सून. ती निरक्षर असल्याचा सरकारी दाखला वारसाच्या कागदांत आहे. जिला स्वतःलाच अक्षर येत नाही तिने इतरांना काय शिकवले असणार? सबब बाराही अर्ज बनावट. हरकतीच्या तळाशी त्याने स्वतःचा अंगठा उठवला होता.

जुने दप्तर काढण्याचे काम माझ्याकडेच आले. कागद पिवळा पडला होता. माझी ओळ जशीच्या तशी काळीभोर होती.

सुनावणीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी रोज मामलेदार रावसाहेबांच्या खोलीसमोरून निदान दहा वेळा गेलो. आत जाऊन "हा शेरा खोटा आहे, मी लिहिला आहे," एवढे सांगावयाचे होते. माझी बढती जवळ आली होती. घरी पत्नीने एकदा विचारले, "जेवण उतरत नाही का?" मी म्हणालो, "दाढ दुखते." तिने लवंग आणून दिली आणि मी ती मुकाट्याने चघळली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी कचेरीच्या ओसरीवर उभा होतो. चढणीवरून त्या येताना दिसल्या. तरीने खाडी ओलांडून, पुढचा कातळ पायी तुडवून आल्या होत्या. एकामागून एक, बारा. एकीच्या कडेवर मूल होते. भातकापणीचे दिवस, म्हणजे बारा घरांतली बारा खळी त्या दिवशी तशीच टाकून आलेल्या. आमच्या कचेरीत बाई येई ती रडत किंवा कोणाच्या मागे. या कोणाच्या मागे नव्हत्या. ओसरीवर येऊन त्यांनी पायांवरची माती झाडली आणि ओळीने बसल्या. आयुष्यात मी मोठमोठ्या साहेबांच्या स्वाऱ्या पाहिल्या आहेत. पण शिपायाने ललकारी न देता सगळी कचेरी गप्प झालेली मी त्याच दिवशी पाहिली.

रावसाहेबांनी सगळ्यांना आत घेतले. वृद्धही आला होता.

"बाराजणींचं अक्षर एकच कसं?" रावसाहेबांनी विचारले.

एक पोक्त बाई म्हणाली, "शिकवणारी येकच, म्हनून."

"शिकवलं कशावर?"

"सुपात, रावसाहेब. भात कांडलं की कोंडा सुपात पसरायचा न् बोटानं काढायचं. ही काढी तसंच आमी काढू. मग अक्षर दुसरं येनार कुठनं?"

तिच्या शेजारची जरा थट्टेखोर दिसत होती. ती म्हणाली, "आमचे दादले मुंबयला येकाच खोलीत ऱ्हातात. पत्र आलं की पयलं भांडान, ह्ये कुनाच्या बायकोचं? म्हनून आता आमी माथ्यावरच नाव घालतो."

रावसाहेबांना हसू आवरले नाही. ते सुनेकडे वळले. मला ती ओळखता आली ती तिच्या उत्तर देण्याच्या रीतीवरून. ती म्हणाली, "देवरूखच्या बाजूला माझं माहेर. शाळेत चौथीपर्यंत गेले. इथे साऱ्यांची पत्रं मीच लिहायची. या बायका नवऱ्याला सांगायचं ते मला सांगत, न् माझेच कान लाजत. म्हटलं, शिका न् आपापलं लिहा."

"नाटकं हायत ही," वृद्ध मध्येच बोलला. "आमच्या घरात बाईनं कधी टाक धरलेला नाय."

"मामंजी, तुमच्या मुलाचं, थोरल्या भावोजींचं, पत्र आखाडात कुणी वाचून दाखवलं?"

"वाचलंस. लिहिलंस कुठं?"

"मग त्याचं उत्तर कसं गेलं?"

"मी सांगत गेलो न् तू..." तो थांबला. बायकांनी पदर तोंडाशी धरले. वृद्ध रावसाहेबांकडे वळून म्हणाला, "घराची अब्रू हाय, साहेब. उद्या ह्या शाळेच्या आवारात बाप्यांच्या रांगेत उभ्या ऱ्हातील."

रावसाहेबांनी तो पिवळा कागद पुढे ओढला. "ते काही असो. पण हा सरकारी कागद आहे. तो खरा असेल तर अर्ज खोटे. आणि कागद खोटा असेल तर आधी तो लिहिणाऱ्याची चौकशी लावावी लागेल. तोवर हे अर्ज जागचे हलणार नाहीत, आणि यादी चार दिवसांत बंद होते." मग मान वर करून त्यांनी मला विचारले, "हे अक्षर तुमचंच ना?"

"होय, रावसाहेब."

"बाई निरक्षर, हे कशावरून लिहिलंत?"

त्या क्षणी मी तोंड उघडले होते की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगत आलो की, मी बोलणारच होतो. असे समजण्याने झोप येते, एवढेच.

"मला विचारा, रावसाहेब," ती म्हणाली. "अंगठा माझा आहे."

"ठीक. मग बोलू नका, लिहून द्या. त्यात दोन्ही गोष्टी उरकतील."

टाक माझ्याच हातात होता. तो मी तिला दिला. तिने शिपायाने दिलेली पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवला. खोलीत टाकाच्या कुरकुरीखेरीज आवाज नव्हता. तिने एकदाही थांबून विचार केला नाही. लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत आडवी रेघ मारली आणि कागद पुढे केला. रावसाहेबांनी मोठ्याने वाचला.

"सासरे वारल्याच्या दुःखाने त्या दिवशी माझा हात लिहिण्यास चालला नाही. कारकुनांनी ते पाहिले व दया करून अंगठा घेतला. त्यांचा दोष नाही."

रावसाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "दयाळू आहात हो. पण शेरा लिहिताना शब्द जपून घालावा."

मी मान खाली घातली. ती लाजेने घातली होती. नम्रतेने घातली, असे सर्वांना वाटले. त्यानंतर बाकीच्या अकराजणींनी एकेक ओळ लिहून दाखविली. झुकलेली अक्षरे, लांब काने, शेवटी रेघ. हरकत नामंजूर झाली, आणि बाराही नावे यादीत मीच, माझ्या अक्षरात, चढविली. कचेरीत पुढे दोन दिवस मला "दयासागर" म्हणत.

त्या कागदातील "ते पाहिले" हे दोन शब्द मात्र माझ्या मनातून जाईनात. म्हणजे मी पाहिले होते, हे तिने पाहिले होते.

मतदान सदतीस सालच्या आरंभी झाले. खाडीपलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत मला यादीवर बसविले होते. आंब्याच्या मोहोराला कणी धरू लागली होती आणि सकाळी अजून गारवा असे. मळवाटेने माणसे येत होती. पुरुषांची रांग आवाराबाहेर गेली होती. मग बायका येऊ लागल्या. नऊवारी नेसलेल्या, काही डोक्यावर पाट्या घेऊन थेट बाजारातून आलेल्या. पाट्या कुंपणाशी उतरवून त्या रांगेत उभ्या राहत. आपले नाव मोठ्याने उच्चारले जाताना ऐकून त्यांच्यापैकी बहुतेक एकदा मागे वळून पाहत, जणू त्या नावाची दुसरी कोणी मागे उभी असावी.

बाराजणींतल्या अकरा एकत्र आल्या. सुनेचे नाव मी वाचले. तिने ते कबूल केले, कागद घेतला आणि ती पडद्याआड गेली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याखालून तिची पावले दिसत होती, जोडवी घातलेली, तांबड्या धुळीने माखलेली, अगदी स्थिर. पुरुष आत जात आणि लगेच बाहेर येत. ती येईना. मतदान अधिकारी म्हणाले, "बाई, झालं का?"

"होतंय," आतून आवाज आला. "वाचू दे नीट."

मी माझ्या उभ्या आयुष्यात देवळांतून पुष्कळ उभा राहिलो आहे. गणपतीपुळ्यास लाटांच्या आवाजात मूर्तीपुढे उभे राहिल्यावर मनाला जे होते, ते मला त्या दोन धुळकट पावलांकडे पाहताना झाले. तुलना कोणास अनुचित वाटेल. पण माझ्यापुरते ते खरे आहे, आणि येथे खोटे लिहावयाचे नाही, असे मी ठरविले आहे.

दुपारी गर्दी ओसरली. त्यांच्यातली मूलवाली अजून यायची होती, म्हणून बाकीच्या शाळेच्या पडवीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मी धीर करून तेथे सुनेपुढे जाऊन उभा राहिलो.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी आपण माझ्यासाठी खोटं लिहिलंत. आपला उपकार मी विसरलेलो नाही. मला क्षमा करावी."

तिने घास खाली ठेवला. थट्टेखोर बाई दुसरीकडे पाहू लागली.

"तुमच्यासाठी?" ती म्हणाली. रागाने नाही, तिला खरोखरच नवल वाटले होते. "भाऊसाहेब, तुमची चौकशी लागती तर आमचे अर्ज तिच्यात अडकून पडते. रावसाहेब बोलले ते ऐकलंत ना? यादीला चार दिवस होते. इकडे बारा नावं होती, तिकडे तुमचं एक."

इतके महिने मी तिची दया मनात जपत होतो, तिच्यापुढे झुरत होतो, आणि त्या झुरण्याचेही मला एक प्रकारचे समाधान होते. त्या सगळ्या गोष्टीत मी कोठेच नव्हतो.

"एक मात्र लागून राहिलंय," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "सरकारच्या कागदावर मी पहिल्यांदा लिहिलं ते खोटं लिहिलं. पत्रांतून मी कुणाचं एक अक्षर कधी इकडचं तिकडं केलं नव्हतं. ते तुम्ही करायला लावलंत. त्याची क्षमा मी कशी करू? ते मला जमत नाही."

"खरं आहे," मी म्हणालो. याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

मी परत फिरणार तोच तिने विचारले, "प्रचाराला आलेले बोलले की असेंब्लीत बायकांसाठी म्हणून वेगळ्या जागा ठेवल्यात. खरं काय?"

"खरं आहे. थोड्या आहेत."

"मग आमच्या कागदावर एकही बाई कशी नव्हती? मी वरपासून खालपर्यंत वाचला. दोनदा."

"त्या जागा दुसरीकडच्या आहेत. आपल्या जिल्ह्याला तशी जागा नाही."

"का नाही?"

यादीचे काम करताना मी ती कलमे कितीदा तरी वाचली होती, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"मग कुणाला ठाऊक असेल?"

"निवडून गेलेले तिथे बसतील त्यांना विचारावं लागेल. असेंब्लीच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज करता येतो."

"कागद आहे तुमच्याकडे?"

मी माझ्या वहीतले कोरे पान काळजीपूर्वक सोडवून दिले. दौत आणि टाक आणून दिला. मजकूर सांगू का, असे विचारण्याचे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले. तिने फक्त पत्ता विचारला. तो मी सांगितला, आणि तिने तो माझ्या डोळ्यांदेखत वर लिहिला. त्यानंतर ती पुढचे लिहू लागली तेव्हा मी पाठ फिरवून पडवीच्या खांबाशी उभा राहिलो. मागून त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"'आमचे म्हणणे' घाल."

"'विनंती' नको काय?"

"विनंती खाली घालू. आधी इचार, का नाय म्हनून."

"माझं नाव मी लिवनार, सरक."

टाक हातोहात फिरत होता. मूलवाली आली, मत देऊन बाहेर आली, आणि मूल दुसरीच्या मांडीवर देऊन तीही त्या कागदावर वाकली.

तो अर्ज कोठवर पोहोचला, कोणी वाचला की नाही, हे मला कळले नाही. पुढे दोन वर्षांत त्या निवडणुकीतून आलेले मंत्रिमंडळही गेले. पण त्या दुपारी शाई वाळेपर्यंत त्या बाराजणी त्या कागदाभोवती ज्या शांततेने बसल्या होत्या, ती मी अजून विसरलेलो नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "उद्या कचेरीच्या टपालातून पाठवतो. मुंबईस लवकर पोहोचेल."

तिने कागदाची घडी घातली, ती चोळीत सरकवली आणि उठून भाकरीचे फडके झटकले.

"नको, भाऊसाहेब," ती म्हणाली. "टपालात आमचं आम्ही टाकू."